आमेन होईपर्यंत

सासूबाईंच्या खुब्याचं हाड मोडलं आणि त्या अंथरुणाला खिळल्या. त्या वर्षी मला हेवा वाटावा तो कोणाचा, तर पनवेलच्या मासळी बाजारात बसणाऱ्या एका कोळणीचा! ती आमच्याच चर्चच्या मंडळीतली. बाप्तिस्मा घेऊन पाच-सहा वर्षं झाली होती, तरी बायबलमधलं वचन वाचताना अजून ओळीखाली बोट धरायची. मी तीन पिढ्यांची ख्रिस्ती, संडेस्कूलची शिक्षिका, भगिनी मंडळाची सेक्रेटरी. पाळकसाहेब बाहेरगावी गेले की उपासनेतली मोठी प्रार्थना माझ्याकडे यायची. ती खरोखरच मोठी असायची, हे मीही कबूल करते.

तरी सासूबाई सकाळ झाली की विचारायच्या, "आज ती येणार का गं?"

दर दोन दिवसांनी संध्याकाळी बाजार आटोपून ती यायची. कितीही हातपाय धुतले तरी बोंबलाचा वास तिच्याआधी घरात शिरायचा. "सलाम, आय," म्हणत थेट आतल्या खोलीत. दार लोटलं जायचं आणि थोड्याच वेळात आतून हसणं ऐकू यायचं. बावीस वर्षं त्या घरात नांदले मी, पण सासूबाई माझ्याशी कधी अशा हसल्या नव्हत्या. त्या दिवशीच्या प्रार्थनेचा मानही तिलाच. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

मी काय कमी करत होते? दिवसभर त्यांचं बघणारी बाई सहाला जायची. ऑफिसातून आले की चहासुद्धा न घेता सातच्या ठोक्याला त्यांच्या उशाशी बसायची. एक स्तोत्र, मग प्रार्थना: घरासाठी, मंडळीसाठी, द्रोणागिरीच्या गोदामात नोकरी करणाऱ्या नवऱ्यासाठी, झाडून सगळ्या आजाऱ्यांसाठी. सासूबाई डोळे घट्ट मिटून, ओठ आवळून ऐकायच्या. मला वाटायचं, किती भक्तिभाव! आणि आमेन म्हणून पांघरूण सारखं करायला जावं तर चादर ओली. मी तोंडाने काही बोलत नसे, पण मोरीत चादर आपटताना सगळ्या बिल्डिंगला कळायचं.

कोळीण यायची त्या दिवशी मात्र चादर कोरडी. म्हणजे हिच्यासाठी चादरसुद्धा कोरडी राहणार! सासूबाई मुद्दाम करतात, असंही माझ्या मनात येऊन गेलं. त्याच आठवड्यात मी संडेस्कूलच्या मुलांना हेव्यावर पाठ दिला. चांगला झाला.

एका संध्याकाळी राहवेना. हिची प्रार्थना तरी ऐकावी, कुठे चुकते ते बघावं, म्हणून दाराला कान लावला. प्रार्थना नव्हतीच. आधी भांड्याचा आवाज आला, मग तिचा. "झाला ना, आय? आता बरा वाटतंय? मंग आता करू प्रार्थना."

"तू रोज येत जा गं," सासूबाई म्हणाल्या. "सूनबाई प्रार्थनेला बसली की मध्ये कसं बोलायचं? देवाशी बोलत असते ती. आमेन होईपर्यंत दम धरते मी, पण नाही धरवत. मग तिला धुवायला लागतं. मेल्याहून मेल्यासारखं होतं बघ."

"सांगाचा ना मंग तिला."

"नको. एवढी शिकलेली. तिला वाईट वाटेल."

प्रार्थना चालू असताना डोळा उघडायचा नाही, हलायचं नाही, मुंगी चावली तरी नाही, ही आमच्याकडची लहानपणापासूनची शिस्त. संडेस्कूलमध्ये हातात पट्टी घेऊन मीच ती शिकवत आले होते. मला लाज वाटली, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की हे हिला सांगितलं आणि मला का नाही?

दुसऱ्या दिवशी सात वाजता मी बायबल बाजूला ठेवलं आणि पलंगाखालचं भांडं काढलं. "आई, आधी हे देऊ का?"

त्यांचा चेहरा उजळला. "तिनं सांगितलं वाटतं? गुणाची आहे गं पोर."

घ्या! भांडं माझ्या हातात आणि गुण तिचे. माझं मलाच सुचलं म्हणणं अगदी सोपं होतं, ओठांवर आलंही होतं.

"तिनं नाही सांगितलं, आई. मी काल दाराआड उभी राहून ऐकलं."

 माझा खांदा धरून अंग उचलत त्या म्हणाल्या, "ऐकलंस ना एकदाचं. दे इकडे."