साहेबरावांच्या पिकअपमधला वारा

लातूरच्या औसा रोडला मल्लिनाथ मिस्त्रीचं फ्रीज आणि एसी दुरुस्तीचं दुकान आहे. तरुणपणी तो बर्फाच्या कारखान्यात कामाला होता. तिथल्या धडधडाटात बाकीच्यांचे कान बधिर झाले, याचे मात्र जास्तच तल्लख झाले. नळीतून कुठं वारा फुसफुसतोय हे त्याला दहा हातांवरून ऐकू येतं. "फ्रीज कुजबुजलेलं ऐकू येतंय, अन् मी तीनदा हाक मारलेली न्हाई," असं त्याची बायको अयोध्या म्हणते. तेही त्याला ऐकू जात नाही.

यंदाच्या मे महिन्यात एका सकाळी साहेबरावांची निळी पिकअप दुकानासमोर येऊन उभी राहिली. कधीकाळी धरणाच्या कामावर आलेल्या एका परदेशी इंजिनिअरची ही गाडी. काम संपल्यावर साहेबरावांच्या वडलांनी ती लिलावात घेतली होती. बैलासारखं रुंद तोंड, पेट्रोलचं इंजिन, आणि मुख्य म्हणजे कारखान्यातूनच बसवून आलेला एसी. या एसीचं साहेबरावांना कोण कौतुक! पाहुण्यांना ते आधी एसीची बटणं दाखवत, मग बसायला सांगत.

पुढच्या सीटवर त्यांच्या सासूबाई, पंचफुलाबाई, मांडीवर ओटीचं सामान घेऊन ताठ बसल्या होत्या. माहूरला निघाले होते दोघं.

"मिस्त्री, ह्यो एसी माझ्याशी खेळून राहिलाय," साहेबराव म्हणाले. "गाडी उभी असली की वारा तोंडावर येतोय. अॅक्सिलेटर दाबला की तोंडावरून पळून काचेवर अन् पायावर जातोय. पाय उचलला की परत तोंडावर. तिघांनी गॅस भरून दिला, पण फरक न्हाई."

"अन् गार येतो का?"

"कशाचं गार! चुलीपुढं बसल्यावानी."

मल्लिनाथने डोळे मिटले, इंजिन चालू करायला लावलं आणि ऐकत राहिला. "गॅसचा काही दोष न्हाई," तो म्हणाला. "इंजिन हवा आत ओढतंय, त्या ओढीवर आतल्या झडपा फिरत्यात. त्या ओढीची नळी कुठंतरी फुटलीय. मावशी, जरा खाली उतरता का? मला डॅशबोर्डच्या खाली शिरायचंय."

"मी न्हाई उतरत," पंचफुलाबाई म्हणाल्या. "मागल्या साली उतरले तर जावाई मला पंपावर सोडून दोन कोस गेले हुते."

"मामी, मी पानी आनायला गेलो हुतो!"

"गाडी घेऊन?"

शेवटी मल्लिनाथ तसाच आडवा होऊन, डोकं पंचफुलाबाईंच्या पायाशी घालून आत शिरला. पाय बाहेर रस्त्यावर. आधी त्याला गार-गरमच्या दांडीची तार सापडली. ती खुंटीवरून निसटली होती, म्हणून दांडी कुठंही फिरवली तरी आत कायम गरमच. तार त्याने बसवली. मग त्याने झडपेची बारीक नळी सोडवून तोंडात धरली आणि जोरात ओढली. आत 'टप्प' करून झडप उघडली आणि तीसेक वर्षांची धूळ, उंदराने जमवलेला कापूस आणि लग्नपत्रिकेचे तुकडे त्याच्या तोंडावर आले.

"जावाई," वरून आवाज आला, "हे मिस्त्री हायत का हुक्का वढणारे?"

तेवढ्यात रस्त्याने दोन बाया चालल्या होत्या. गाडीत ठसठशीत कुंकवाची, मांडीवर ओटी घेतलेली म्हातारी, आणि तिच्या पायाशी डोकं घालून आडवा पडलेला, खोकत असलेला बाप्या. त्यांनी एकमेकींकडे बघितलं, चपला काढल्या आणि पंचफुलाबाईंना दारातूनच नमस्कार केला.

"अंगात येतंय का माय तुमच्या?" एकीने दबकत विचारलं.

"गुडघ्यात येतंय," पंचफुलाबाई म्हणाल्या. तरीही तिसरी येऊन हळद-कुंकू लावून गेली. मल्लिनाथच्या पायाला कुणीतरी उदबत्तीचा चटका दिला, तेव्हा तो बोंबलत बाहेर आला.

मग त्याने बॉनेट उघडलं. फुटकी नळी लगेच सापडली. तिच्या जागी त्याने सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब लावून बघितली, पण ओढ बसताच ती चपटी झाली. औषधाच्या दुकानातून सलाईनची नळी आणली, ती टिकली. पण नळीचं दुसरं टोक ज्या डब्याला जायचं, तो डबाच जागेवर नव्हता.

"इथं एक चारी बाजूंनी बंद डबा असतोय," मल्लिनाथ म्हणाला. "झाकण नसलेला. गाडी चढाला लागली की इंजिनची ओढ कमी पडती. तवा डब्यात साठवलेली ओढ झडपा धरून ठेवती. कुठं गेला?"

साहेबरावांनी खांदे उडवले. पंचफुलाबाई खिडकीबाहेर बघू लागल्या.

"मामी?"

"झाकण नसलेला डबा कामून ठिवायचा?" त्या उसळून म्हणाल्या. "कापून घेतला वरून. ज्वारी मापायला लई चांगला हाय."

साहेबराव मटकन पायरीवर बसले. इतकी वर्षं त्यांच्या एसीची ओढ सासुरवाडीत ज्वारी मोजत होती! मल्लिनाथला मात्र हसू आवरेना. त्याने एका जुन्या फ्रीजच्या कॉम्प्रेसरची कोठी रिकामी केली, तिला नळ्यांपुरती दोन तोंडं ठेवून बाकी सगळी डाख देऊन बुजवली आणि पट्टीने आत बांधली. मग चढावर वारा टिकतो का बघायला तोही गाडीत चढला. चाकूरपर्यंत जायचं ठरलं.

पहिल्याच चढाला साहेबरावांनी अॅक्सिलेटर दाबला. तिघांनी श्वास रोखला. वारा तोंडावरच राहिला, आणि गारगार. साहेबरावांनी शर्टाची दोन बटणं सोडली आणि ते "माय गं!" म्हणून डोळेच मिटायला लागले.

"रस्त्याकडं बगा!" मल्लिनाथ ओरडला.

एक मैल गेला असेल, पंचफुलाबाईंनी पदर कानावरून घेतला. मग गोधडी मागितली. मग म्हणाल्या, "बंद करा ह्ये. माझं गुडघं त्या गरम वाऱ्यानं शेकून किती बरं झालं हुतं. परत तसंच करून द्या, मिस्त्री."

"मामी, बाहेर बेचाळीस डिग्री हाय!"

"बाहेर हाय. गुडघ्यात न्हाई."

दोघंही मल्लिनाथकडे बघू लागले. त्याने समजावून सांगितलं की या यंत्रात एका वेळी गार नाहीतर गरम, दोन्ही एकदम होत नाही. मग त्यालाच निवाडा करावा लागला: चाकूरपर्यंत जावयाचं गार, चाकूरपासून अहमदपूरपर्यंत सासूबाईंचं गरम, पुढं नांदेडपर्यंत पुन्हा गार. माहूरच्या घाटाचं देवीवर सोडलं.

चाकूर आलं. मल्लिनाथ उतरला. पंचफुलाबाईंनी त्याच्या हातावर खडीसाखर ठेवली, दार ओढलं आणि स्वतःच्या हाताने दांडी लाल रेषेवर नेली. साहेबरावांनी चारी खिडक्या खाली केल्या. पिकअप धूळ उडवत निघून गेली, तरी आतली वादावादी बराच वेळ ऐकू येत राहिली. मल्लिनाथला तर फारच वेळ.