कुपवाडच्या अंजनाचं समीकरण

शिकलं की माणसाची भीती जाते, असं सगळेच म्हणतात. म्हणोत बापडे. कुपवाडच्या अंजनाचं नेमकं उलटं झालं.

अंजना मूळची माण तालुक्यातली. माहेरी मेंढरं, सासरीही मेंढरंच. लग्नानंतर काही वर्षांनी, लहानग्या लेकीला घेऊन ती आणि नवरा धनाजी कुपवाडला आले आणि दोघंही एकाच प्लेटिंगच्या वर्कशॉपात लागले. नटबोल्टांवर जस्ताचा मुलामा चढवायचं काम. एका अंगाला अ‍ॅसिडची टाकी, तिच्यात माल बुडवून गंज काढायचा. दुसऱ्या अंगाला सायनाइडची टाकी, तिथं मुलामा चढायचा. अकरा वर्षं अंजना या दोन टाक्यांच्या मधे उभी राहिली, गाणी म्हणत, हातमोजा फाटला तर चिंधी बांधून. भीती? मेंढरांत वाढलेल्या पोरीला शिंगांची भीती वाटते होय!

मग तिची लेक पल्लवी दहावीला गेली आणि आठवी शिकलेल्या अंजनाच्या डोक्यात खूळ शिरलं, की आपणही दहावी द्यायची. शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. धनाजीनं गल्लीभर सांगितलं, "आमच्या घरात दहावीला दोन पोरी हायत!" हसरा गडी होता तो. कशावरही हसायचा.

गणितानं अंजनाला रडवलं, पण रसायनाची समीकरणं तिला लय आवडली. डावीकडं जेवढे अणू, उजवीकडं तेवढेच भरले पाहिजेत. एकही हरवायचा नाही, एकही उपरा यायचा नाही. हा हिशेब तिला पटला. संयोग म्हणजे दोघांचं एक होणं, अपघटन म्हणजे एकाची फाटाफूट. दुहेरी विस्थापन शिकवताना पल्लवी म्हणाली, "दोन जोडपी असतात आई, आणि ती आपापसात जोडीदार बदलतात."

"ह्ये कसलं वंगाळ पुस्तक म्हनायचं!" अंजना पोट धरून हसली.

पण धडा डोक्यात बसला. दुसऱ्या दिवशी कामावर तिनं सायनाइडच्या पिंपावरची अक्षरं पहिल्यांदा नीट वाचली: NaCN. अ‍ॅसिडच्या कॅनवर होतं HCl. अकरा वर्षं डोळ्यांसमोर होतं ते, पण वाचलं कुणी? घरी येऊन तिनं वहीत मांडलं, पुस्तकात दाखवलं होतं तसंच जोडीदार बदलून.

NaCN + HCl → NaCl + HCN

मग तोलायला बसली, तर ते आधीच तोललेलं. एकास एक, एकास एक. दोन घालायला नको, तीन घालायला नको.

"मीठ झालं की गं!" ती खुशीत म्हणाली. "आन् ह्ये दुसरं काय?"

पल्लवीला माहीत नव्हतं. तिनं शाळेत सरांना विचारलं. संध्याकाळी घरी आली ती पायातल्या चपलासुद्धा न काढता आईसमोर उभी राहिली. "आई, तो विषारी वायू असतो. दिसत नाही. जरासा छातीत गेला तरी माणूस मरतो. सर म्हणाले, ही दोन्ही कधी एकत्र येऊ द्यायची नाहीत म्हणून सांग."

अंजनाची भाकरी तव्यावर करपली. ही दोन्ही एकत्र कुठं येतात, हे तिला चांगलं ठाऊक होतं. वर्कशॉपच्या मागं छातीएवढा खोल खड्डा होता आणि दोन्ही टाक्यांची गटारं त्यातच पडायची. आता तिला वर्कशॉपातल्या जुन्या बिरदेव मिस्त्रीची रीत कळली. सायनाइडकडचं पाणी एकदा खड्ड्यात गेलं, की खड्डा उपसून धुतल्याशिवाय म्हातारा अ‍ॅसिडच्या टाकीला हात लावू देत नसे. का, ते त्यानं कधी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. पण बिरदेव गेल्या आषाढात काम सोडून गावी गेला होता.

तिनं मालकाला, नानासोला सांगितलं. तो म्हणाला, "इतक्या वर्षांत कुणाला काय झालं का? आधी पास हो, मग आमाला शिकव." धनाजीला सांगितलं, तर तो हसला. तेव्हापासून अंजनाचं गाणं बंद झालं. गटारात पाण्याचा आवाज आला की ती हातातलं काम सोडून दोन्ही टाक्यांकडं बघायची.

खंडेनवमी आली. त्या दिवशी सगळं वर्कशॉप धुऊन काढायचं, यंत्रांना झेंडूच्या माळा घालायच्या, नारळ फोडायचा. घाई, पाणी, आरडाओरडा नुसता. सायनाइडकडच्या, माल बुडवायच्या बास्केटा सकाळपासून धुतल्या जात होत्या आणि ते पाणी खड्ड्यात चाललं होतं. अंजना माळा ओवत बसली होती. मान वर केली, तर सोबत काम करणाऱ्या तानुबाईनं टाकी घासायला म्हणून अ‍ॅसिडचा कॉक उघडलेला, आणि पिवळसर पाणी गटारानं निघालेलं.

"तानुबाई, कॉक बंद कर!"

तानुबाई नुसती बघत राहिली. अंजनानं धावत जाऊन स्वतःच कॉक आवळला. पण सुटलेलं पाणी थोडंच थांबणार? ती मागच्या दारानं पळाली. सणाच्या साफसफाईत गाळ काढायला कुणी खड्ड्यात उतरलं असेल तर?

धनाजी होता. कमरेत वाकून गाळ उपसत होता.

"आवं, वर या! आदी वर या!"

"आली बघा मास्तरीण!" तो खालूनच हसला. "दोन पाट्या ऱ्हायल्यात. येतो की."

गटारातलं पाणी खड्ड्यापासून चार हातांवर आलं होतं. समजावून सांगायला वेळ नव्हता आणि सांगून तो ऐकणाराही नव्हता. अंजना किंचाळली, "आवं, पल्लवीला ट्रकनं उडीवलं!"

धनाजी एका झेपेत वर आला. पाटी, खोरं तिथंच टाकून अनवाणी गेटाकडं धावत सुटला. अंजनानं मागून गाठून त्याचा सदरा धरला. "पोरगी बरी हाय. म्या खोटं बोलले."

त्यानं हात उगारला. "सणासुदीला पोरीचं आसं बोलतीस?" पण उगारलेला हात तसाच राहिला. त्याला घेरी आली, भिंतीला धरून तो खाली बसला आणि भडाभडा ओकला. तो काठ चढत असतानाच पाणी खड्ड्यात पडलं होतं; निघता निघता एखादा श्वास गेला असावा. तेवढ्यात खड्ड्याच्या काठावर बसलेली एक साळुंकी आत पडली. परत उडाली नाही. ओरडा ऐकून जमलेल्या सगळ्यांनी बघितलं. कुणी जवळ गेलं नाही.

नानासोनं मागचं दार लावून घेतलं आणि नारळ फोडला.

डॉक्टरकडं नेऊन आणल्यावर धनाजी दिवसभर अंथरुणावर पडून होता. दिवे लागायच्या सुमारास पल्लवी चहा ठेवायला आत गेली, तेव्हा अंजनानं विचारलं, "फुडच्या खेपंला म्या नुसतं 'वर या' म्हनलं, तर याल न्हवं?"

"येईन की," तो सवयीनं हसला. मग त्याचं हसू गेलं. त्यानं आतल्या खोलीकडं, पोरीच्या दिशेनं पाहिलं. "येईन म्हनतोय खरं. पर आज तू हाक मारलीस तवा मी आलो न्हवतो, अंजे. पोरीचं ऐकलं म्हनून आलो."

उद्या दसऱ्याची सुट्टी होती. परवा सकाळी पुन्हा त्याच दोन टाक्यांच्या मधे जायचं होतं, आणि त्याला वर काढायला आता अंजनाकडं खोटंसुद्धा उरलं नव्हतं.