उनाईसीचं खरं कोण मानणार

उनाईसीच्या तोंडाला कुलूप नाही, हे वुनिमाकोतली कुत्रीसुद्धा जाणून होती. ती मूळची समोरच्या बेटावरची, कोरोलेवाची. आणि कोरोलेवा नि वुनिमाको ही गावं एकमेकांची तौवू. म्हणजे दोन्ही गावांचा जुना देव एक, आणि देव एक असल्यामुळे एकमेकांची वाटेल तशी अब्रू काढायचा हक्क दोघांनाही जन्मतःच मिळालेला. वुनिमाकोच्या माणसाने कोरोलेवाच्या माणसाला भर चर्चच्या पायरीवर 'खेकडेचोर' म्हणावं, त्याने उलट 'वटवाघळाच्या पोटच्या' म्हणावं, एकमेकांच्या कोंबड्या दिवसाढवळ्या उचलून न्याव्यात, आणि यात जो रागावेल त्याचीच लाज निघावी, अशी रीत.

या रीतीत दोन-चार दिवस पाहुणं म्हणून यायला मजा असते. सून म्हणून यायला नसते. कारण उनाईसी जे काही बोलेल ते वुनिमाकोत थट्टाच धरलं जाई, आणि थट्टेला वरचढ थट्टेनं उत्तर देणं हा शिष्टाचार. लग्नानंतर पहिल्याच वर्षी ती अंगणात येऊन म्हणाली, "चुलघर पेटलंय." तिची नणंद ताराइविनी पालथी पडून केस विंचरून घेत होती. ती म्हणाली, "बरं झालं. खेकडेचोरांना एरवी चूल पेटवता येत नाही." बाकीच्या बायका खो खो हसल्या. चुलघराचं अर्धं छप्पर गेलं तेव्हा कुठे बादल्या निघाल्या, आणि पुढे महिनाभर सगळीकडे हाच किस्सा सांगितला गेला, उनाईसीला नावं ठेवत.

तीही काही कमी नव्हती. उचलली जीभ लावली टाळ्याला. तिला वाटे, आपण हसवतो तोवर आपलं या गावात बरं चाललंय. नवरा आपिसाई मुलखाचा शांत. तो मासे धरी, संध्याकाळी पुरुषांच्यात बसून यांगोनाच्या, म्हणजे मुळं कुटून केलेल्या पेयाच्या, वाट्या रिचवी, आणि बायको बोलत असली की छपराकडे बघे.

मग उनाईसीला मुलगी झाली.

मुलीला नाव सासूचं ठेवलं, सालानिएता. तशी पद्धतच आहे. पण ज्याचं नाव पोराला ठेवतात ते माणूस पोराचं 'याधा' होतं, आणि याधाचे अधिकार काही औरच असतात. मोठी सालानिएता आधीच गावच्या महिला मंडळाची अध्यक्ष, देहाने भरभक्कम, आवाजाने त्याहून. आता तिला आपलं दुसरं रूप मिळालं. बाळ रडलं की ती डोळे मिटून क्षणभर आत बघायची आणि निकाल द्यायची.

"माझ्या पोटात गुबारा धरलाय," ती म्हणायची. म्हणजे बाळाच्या पोटात.

"आत्याबाई, आत्ताच ढेकर दिलीय तिने."

"ढेकर तू ऐकलीस. गुबारा मला जाणवतोय. नाव कोणाचं आहे?"

नाव तिचंच होतं.

बाळ घरी आल्यापासून रोंगोरोंगो सुरू झालं होतं. नातेवाइकांनी गटागटाने यायचं, चटया आणि कापडाचे तागे द्यायचे, भाषणं करायची आणि बाळाला मांडीवर घ्यायचं. आईने फक्त पडून राहायचं, गार पाण्यात हात घालायचा नाही, आणि नारळाच्या दुधातलं माशाचं कालवण घटाघट प्यायचं. बाळ या मांडीवरून त्या मांडीवर फिरत असे आणि दूध प्यायच्या वेळेला उनाईसीकडे येई. ती वेळ कोणती हे याधा ठरवी. जितकी तोंडं तितकी निदानं. एक म्हणे ऊब कमी पडतेय, दुसरी म्हणे जास्त होतेय, तिसरी म्हणे हिने पोटुशी असताना ऑक्टोपस खाल्ला होता, त्याचे हे भोग.

आणि भरल्या होडीत एकटी बडबडून सगळ्यांना गप्प करणारी उनाईसी नणंदेला विचारू लागली, "भूक लागली असेल का गं तिला?" असं विचारताना तिला स्वतःचाच आवाज परका वाटे. पोर आपल्या पोटात नऊ महिने होतं, आणि आता त्याच्याबद्दल सगळ्या गावाला कळतं, एका आपल्याला सोडून. कधीकधी तिला वाटे की आईपण हे आपल्याला जमणारं काम नव्हे, चुकून आपल्याला दिलं गेलंय. हे तिने कोणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी लोक हसलेच असते.

एक गोष्ट मात्र तिने हट्टाने करून घेतली होती. तिच्या माहेरच्यांनी येताना चटया आणल्या होत्या, कडेला हिरव्या-गुलाबी लोकरीची झालर लावलेल्या, डोळे दिपावेत अशा भडक. सासू म्हणाली, "बाळाला साधी चटई घाल. झालर शोभेची असते." उनाईसी म्हणाली, "तुमच्या गावच्या चटईवर माझी मुलगी झोपली तर तिला वटवाघळाची स्वप्नं पडतील." बायका हसल्या आणि बाळ हिरव्या झालरीच्या चटईवर झोपू लागलं. त्या एका गोष्टीत सुनेचं चाललं, म्हणून सुनेला भारी बरं वाटलं होतं.

नदीकाठच्या वरच्या, वुनिमाकोच्याच भावकीतल्या गावचे लोक ज्या दिवशी यायचे होते, त्या सकाळी बाळ उठलं तेच रडत. उनाईसी कालवणाची वाटी हातात धरून ऐकत राहिली. आजवरचं रडणं तिला आता थोडंफार ओळखू येत होतं. भुकेचं रडणं हळूहळू चढत जाई. झोपेचं कुरकुरत येई. हे तसं नव्हतं. हे एकदम वर जाऊन तिथेच अडकत होतं.

"आत्याबाई, तिला काहीतरी दुखतंय."

"गुबारा," सासूने डोळे मिटून सांगितलं, आणि खोबरेल तेल घेऊन पोट चोळायला बसली.

"गुबारा नाही. हे वेगळं रडणं आहे."

"वेगळं म्हणजे कसं?" ताराइविनीने विचारलं.

उनाईसीला सांगता येईना. कसं सांगणार? रडणं ते रडणं. तेवढ्यात ताराइविनीने संधी साधली. "अगं, बिचारीने आज पहिल्यांदा डोळे उघडून आईचं तोंड पाहिलं. मीही रडले असते."

"तू पाहिलंस तेव्हा रडली नाहीस, कारण तू आरशात बघून सरावलेली," उनाईसी म्हणाली. सगळ्या हसल्या. बोलून झाल्यावर तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. जीभ आपोआप चालली होती, आणि खरी गोष्ट तिच्याखाली चेंगरून गेली होती.

तिने आपिसाईला गाठलं. तो दारात जाळं दुरुस्त करत होता.

"पोरीला काहीतरी होतंय."

"आई काय म्हणते?"

"गुबारा."

"मग गुबारा असेल." त्याने छपराकडे बघितलं. "आईला कळतं. तिने पाच वाढवलेत."

"आणि मी?"

"तू एक," आपिसाई म्हणाला. त्यात वाईट हेतू नव्हता. तो हिशेबात पक्का होता, इतकंच.

पाहुणे आले. घर चटयांनी आणि माणसांनी भरून गेलं. पाहुण्यांमधली सगळ्यात मान्यवर म्हणजे केलेरा आजी. तिच्या मांडीवर बाळ दिलं गेलं, दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं, नुसतं तोंड बाहेर. तिच्या शेजारच्या म्हाताऱ्याने घसा खाकरून भाषण सुरू केलं. त्यात दोन्ही गावांचे पूर्वज आले, त्यांच्या होड्या आल्या, त्या होड्या कुठे कुठे लागल्या तेही आलं. अशा भाषणात कोणी खोकतसुद्धा नाही. बाळ मात्र रडत होतं, आणि म्हाताऱ्याने पूर्वजांसाठी आवाज चढवला.

उनाईसी कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. बाळ ओरडलं, ओरडलं, आणि ओरडता ओरडता मध्येच त्याचा श्वास अडकला. मग नुसते हुंदके आले.

"पाहा, शांत झाली," सासू पुटपुटली.

उनाईसीला त्या क्षणी भीती वाटली. आणि त्याचबरोबर तिची खात्री पटली. तिला कोणी पटवली नव्हती, का पटली हेही तिला सांगता आलं नसतं. ती उठली.

बसलेल्या माणसांमधून जायचं तर कमरेत वाकायचं, 'तुलोऊ', म्हणजे माफ करा, म्हणत जायचं. तीन वर्षांच्या पोरालाही हे ठाऊक असतं. उनाईसी ताठ उभी राहून चालत गेली. मानाच्या भेटीचा देवमाशाचा दात हातात धरून बोलणाऱ्या म्हाताऱ्याच्या तोंडासमोरून गेली, आणि केलेरा आजीच्या मांडीवरून तिने बाळ उचललं.

म्हाताऱ्याचं भाषण तिथेच तुटलं. मग केलेरा आजीला आठवलं की ही बाई कोरोलेवाची. तिने गुडघ्यावर थाप मारली. "लूट. खेकडेचोरांनी भर भाषणात लूट केली रे. घे बाई, ही चटईपण घे, आणि तो म्हातारापण ने." घर हास्याने दणाणलं. म्हातारासुद्धा हसला. कोणीतरी तिच्या डोक्यावर टाल्कम पावडर उधळली, चांगली थट्टा केली म्हणून शाबासकी.

सगळे तिच्या उत्तराची वाट बघत होते. एरवी तिने काय काय सुनावलं असतं. तिने पावडर भरलेल्या केसांनिशी जमिनीवर बसकण मारली आणि दुपटं सोडायला घेतलं. एक पदर, दुसरा पदर. हात, पोट, मांड्या. डाव्या पायात रात्रीपासूनचा मोजा होता, आधी येऊन गेलेल्या कोणीतरी विणून दिलेला. तिने मोजा ओढला.

मधलं बोट जांभळं झालं होतं. फुगून द्राक्षाएवढं. त्याच्या मुळाशी कातडीत रुतलेला एक हिरवा धागा दिसत होता.

हसणं मागच्या रांगांमध्ये अजून चालू होतं. पुढच्यांचं थांबलं, मग हळूहळू सगळ्यांचंच.

"कात्री," उनाईसी म्हणाली.

सासूच्या कमरेला झालर कापायची लहान कात्री कायम खोचलेली असे. तिने ती काढली, पायाशी नेली, आणि परत मागे घेतली. पाच पोरं वाढवलेली बाई. तिने कात्री सुनेकडे दिली. "तू कर."

ताराइविनीने बाळाचा पाय दोन्ही हातांत धरला. धागा कातडीत बुडाला होता. नखाने कातडी मागे सारून त्याच्याखाली कात्रीचं टोक घालायचं होतं, आणि पोरगी आता पुन्हा जीव तोडून ओरडत होती. उनाईसीने ओठ चावला आणि टोक घातलं. रक्ताचा थेंब आला. एक वेढा तुटला, आत दुसरा होता. तोही तुटला. तिने ओला हिरवा धागा ओढून काढला आणि बोटाकडे बघत बसली. जांभळं बोट बराच वेळ जांभळंच राहिलं. मग कडेने लाली यायला लागली.

आपिसाई दवाखान्यातल्या नर्सला घेऊन धावत आला. तिने बोट सगळीकडून तपासलं, दाबून पाहिलं, औषध लावलं. "वाचलं," ती म्हणाली. "दिवस मावळेपर्यंत तसंच राहिलं असतं तर काही सांगता आलं नसतं. कोणी शोधलं?"

"हिने," बारा-पंधरा हात उनाईसीकडे वळले.

ताराइविनीने धागा बोटावर घेऊन उजेडात धरला. "हिरवा आहे," ती म्हणाली. पुढे काहीतरी तिच्या ओठांवर आलं होतं, पण तिने ते गिळलं. वुनिमाकोच्या इतिहासात असं क्वचितच झालं असेल.

"माझ्याच चटईचा आहे," उनाईसीने स्वतःच सांगून टाकलं. "आत्याबाई साधी घाल म्हणत होत्या. मी ऐकलं नाही." आणि मग तिला रडू फुटलं. सकाळपासूनचं, महिनाभराचं, सगळं एकदम. नाक वाहायला लागलं, पावडरीचे ओघळ झाले. ती अगदी ध्यान दिसत होती आणि तिला त्याचं काही नव्हतं.

सासू शेजारी येऊन बसली. बसताना तिला नेहमीच वेळ लागायचा. ती बाळाच्या पायाकडे बघत म्हणाली, "माझ्या नावाची आहे ती. सकाळपासून माझ्या मांडीवर होती. मला काही कळलं नाही गं." असं बोलायची तिला सवय नव्हती. वाक्य तिच्या तोंडातून अडखळत आलं.

उनाईसीकडे यावर चार तरी फटकळ उत्तरं तयार होती. तिने सासूच्या मांडीवर डोकं टेकलं.

म्हाताऱ्याने भाषण पुन्हा पूर्वजांपासून सुरू केलं, कारण अर्धवट राहिलेलं भाषण अशुभ. कालवण आलं, उकडलेले दालोचे कंद आले, बाहेर यांगोनाच्या वाट्या फिरू लागल्या. बाळ दूध पिऊन झोपलं. बायकांना हळूहळू धीर आला, आणि कोरोलेवाचे लोक पोरांना चटईला बांधून ठेवतात का, अशी विचारपूस सुरू झाली. उनाईसीने तोंडातला घास न थांबवता सांगितलं की हो, वटवाघळांनी उचलून नेऊ नये म्हणून.

एवढ्यात बाळ जागं झालं आणि रडायला लागलं.

खोलीतली सगळी तोंडं उघडली. गुबारा, भूक, ऊब, ऑक्टोपस, सगळी निदानं जिभांच्या टोकांवर येऊन उभी राहिली. ताराइविनीच्या तोंडून "अगं, तिला..." एवढं निघालंसुद्धा. उनाईसीने बाळ छातीशी धरलं. यावेळी तिला काहीच कळलं नव्हतं. रडणं कसलं आहे याचा तिला पत्ता नव्हता, पण तिने कोणाच्या तोंडाकडे बघितलं नाही. ती बाळाकडेच बघत राहिली.

मोठ्या सालानिएताने ताराइविनीच्या गुडघ्यावर हात ठेवून तो जरा जोरात दाबला.

"गप्प बस," ती म्हणाली. "तिची आई ऐकतेय."