हाक्याला माणसं कमी पडतात

मी कॅनडाला निघाले त्या दिवशी आमची अख्खी वाडी मला पोचवायला तिठ्यावर आली होती. आई पदर तोंडाशी धरून रडत होती, काकी तिला गप्प करता करता स्वतःच रडत होती, आणि आबा, म्हणजे माझे वडील, टेम्पोत माझ्या बॅगा नीट बसल्या की नाही ते चारचारदा बघत होते. टेम्पो सुरू झाला तसे ते खिडकीशी आले. मला वाटलं, आता सांभाळून राहा वगैरे म्हणतील. कसलं काय! म्हणाले, "हाक्यातलो एक गळो कमी झालो गो."

शेजारी मंदार बसला होता. पुण्याचा मुलगा, नुकताच नवरा झालेला. त्याने विचारलं, "हाका म्हणजे?" मी सांगायला तोंड उघडलं आणि भोकाड पसरलं. तो बिचारा पाण्याची बाटली घेऊन नुसता बसून राहिला.

त्याला नंतर विमानात सांगितलं ते तुम्हालाही सांगते, कारण इथल्या आपल्या मंडळातल्या लोकांनाही हे ठाऊक नसतं. आमचं गाव दोडामार्गच्या बाजूला, डोंगराला चिकटून. भाताला दाणा धरला की रानडुकरं उतरतात आणि बघता बघता शेताचे कुणगेच्या कुणगे लोळवून टाकतात. आबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. वनखात्याची परवानगी हातात आली की वाडी पारधीला जायची. पण एकट्या बंदुकीने काही होत नाही. अर्धी माणसं खाली डुकरांच्या वाटेवर नेम धरून बसतात, आणि अर्धी वरून रानात शिरतात, ओळ धरून ओरडत, डबे बडवत डुकराला खाली ढकलतात. हा हाका. ओळीत मोठी फट राहिली तर डुक्कर मागे वळतं, आणि मागे वळलेल्या डुकराइतकं वाईट काही नाही. बायका हाक्याला जात नाहीत. मी जायचे. माझा आवाजच तसा होता. आबा कौतुकाने सांगत की पोरीची हाक गोव्यात ऐकू जाते.

त्याच आवाजाला इथे लंडनमध्ये आल्यावर मंदार म्हणायला लागला, "जरा हळू बोल ना, अपार्टमेंट आहे." लंडन म्हणजे आपलं ओंटारिओमधलं हो! गावाकडे अजून काहीजण समजतात की मी राणीच्या गावात राहते. मी इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागले, मंदारला सॉफ्टवेअरमध्ये जॉब मिळाला, अन्वी झाली, आणि आम्ही शहराच्या कडेला एक घर घेतलं. तिथे शेजारी हॅरल्ड होता. बायको गेलेली, मुलगा कॅलगरीला, मुलगी टोरोंटोला. पहिल्याच हिवाळ्यात मंदार बर्फ शोव्हल करताना कमरेत लचकला तेव्हा हा सत्तरीचा म्हातारा न सांगता आला आणि आमचा ड्राइव्हवे साफ करून गेला.

नोव्हेंबरात त्याने कागदात गुंडाळलेलं हरणाचं मटण आणून दिलं. मंदार दारातच पांढरा पडला. "हे घरात शिजणार नाही," म्हणाला. शुद्ध शाकाहारी माणूस, त्याचं काय चुकलं? मी कॅम्पिंगची शेगडी गॅरेजमध्ये मांडली, आईने पाठवलेला मालवणी मसाला सढळ हाताने घातला आणि हॅरल्डला जेवायला बोलावलं. त्याच्या डोळ्यांतून नाकातून पाणी. तरी तीनदा वाढून घेतलं. खाता खाता शिकारीच्या गोष्टी निघाल्या, आणि मी जागच्या जागी बसूनच राहिले. उत्तरेकडे, गाडीने चार तासांवर त्याचा आणि त्याच्या दोस्तांचा लाकडी कॅम्प. बंदुका घेऊन काही जण ठरल्या जागी बसतात, त्याला ते वॉच म्हणतात. बाकीचे, पूर्वी कुत्रे घेऊन आणि आता कुत्र्यांशिवायच, रानातून ओरडत हरणं त्यांच्याकडे ढकलतात.

"अरे, हा तर हाका!" मी मराठीतच ओरडले. अन्वी दचकून जागी झाली.

रविवारी फोनवर आबांना सांगितलं तर त्यांना खरंच वाटेना. "थंय हाको कोण घालता? गोरे?" मग दर रविवारी तेच. हॅरल्डाची बंदूक कसली, हरणाचा वाटा कसा करतात, येताना कोण पुढे, जाताना कोण मागे. आमच्याकडे डुकराचा वाटा वाडीतल्या प्रत्येक घराला जायचा, ज्या घरातून कोणी पारधीला आलेलं नाही त्यालाही. हॅरल्डकडेही मेलेल्या मित्राच्या बायकोला पहिला वाटा द्यायची रीत होती. हे ऐकून आबा म्हणाले की माणूस चांगला दिसतो. एरवी जावयाला चांगला म्हणायला त्यांना पाच वर्षं लागली होती.

दोन्हीकडचं रडगाणंही एकच होतं. आबा म्हणायचे, "माणसां गावनत नाय." काकाचे मुलगे गोव्याला फॅक्टरीत, शेजारचा मुंबईला, आणि मी तर समुद्रापलीकडे. वर परवानगीसाठी तालुक्याला चकरा. अर्ज मंजूर होईतो डुकराचं पोट भरलेलं असायचं. हॅरल्ड म्हणायचा, एके काळी कॅम्पवर झोपायला जागा पुरायची नाही, लोक जमिनीवर झोपायचे. आता तो आणि दोन दोस्त, त्यातल्या एकाचे गुडघे नवीन. नातवंडांना शिकार म्हणजे क्रूरपणा वाटतो. आणि मग तो राजकारणावर घसरायचा. ज्यांनी जन्मात जंगलात पाय ठेवला नाही असे टोरोंटोतले लोक आमचे नियम करतात, आमच्या बापजाद्यांच्या बंदुकांची नोंदणी करून आम्हाला गुन्हेगार ठरवतात, असा त्याचा ठेका. इथे त्या नोंदणीवरून इलेक्शन लढली जायची. मंदारला नोंदणी हवी होती, आणि दोघांची ड्राइव्हवेवर बर्फात उभं राहून तासतास जुंपायची. मला दोघांचंही पटायचं. शहरात गोळी लागून आलेल्या पोराचं रक्त मी लॅबमध्ये तपासलेलं आहे, आणि डुकराने झोपवलेलं भात बघून आई कशी खाली बसते तेही बघितलेलं आहे. एक नियम दोघांना कसा पुरणार?

मग एका वर्षी हॅरल्ड म्हणाला की ह्या खेपेला कॅम्प बंद. वॉचवर दोन म्हातारे बसतील, पण रानातून चालणार कोण? मी म्हटलं, "मी चालते."

घरात वादळ! मंदार चार दिवस माझ्याशी फक्त ग्रोसरीपुरतं बोलला. अन्वी म्हणाली, "आई, दॅट्स सो मीन, डिअर्स हॅव बेबीज." मंडळाच्या पिकनिकला एक बाई मला म्हणाल्या, अय्या, तुम्ही मुक्या प्राण्याला मारणार? त्यांच्या हातात चिकनचा लेगपीस होता, काय बोलायचं! मी शिकारीच्या परवान्याचा रीतसर कोर्स केला, परीक्षा दिली. वर्गात सगळ्या पांढऱ्या दाढ्या. शिकवणारा मला बघून इतका खूश झाला की मला खुर्ची द्यायला स्वतः उठला.

आबांना कळवलं तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "बरा केलंस. कोणाच्या तरी हाक्यात उभी रव."

सलग दोन वर्षं नोव्हेंबरात मी हॅरल्डच्या रानात ओरडले. नारिंगी जॅकेट घालून, गुडघाभर पाचोळ्यातून, कोकणातल्यासारखीच होऽऽ होऽऽ करत. पहिल्या हाकेला हॅरल्डने लांबून टोपी उंचावली. आठ वर्षांत पहिल्यांदा मला कोणी हळू बोल म्हणत नव्हतं.

तिसऱ्या वर्षी गावाकडे विधानसभेचं इलेक्शन ऑक्टोबरात आलं. इलेक्शन आलं की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. का, तर गडबड होऊ नये. आबांची ठासणीची बंदूक घेऊन कोण कसली गडबड करणार होतं देव जाणे. एक बार भरायला त्यांना विडी ओढून होईल इतका वेळ लागायचा. फोनवर चिडून म्हणाले, "इलेक्शन भाताच्या तोंडार घालतत. डुकरांका ईचारून घालतत काय?" मी हे हॅरल्डला सांगितलं. तो पोट धरून हसला आणि म्हणाला, तुझ्या वडिलांना सांग, टोरोंटो सगळीकडे असतं.

निकाल लागले, सरकार बसलं, बंदूक काही सुटेना. आज साहेब नाहीत, उद्या या. आबा दोनदा जाऊन आले. लवकर पिकणारं हळवं भात आई-आबांनी कसंबसं कापलं होतं, पण डोंगराकडचं उशिराचं गरवं भात अजून उभं होतं. "सोडून द्या हो ते कुणगे, मी पैसे पाठवते," मी म्हटलं. ते म्हणाले, "पैशे नको गो. पिकलेला सोडूचा कसा?"

त्यानंतरच्या आठवड्यात मी कॅम्पवर गेले. तिथे फोन लागत नाही. तीन दिवस मी रानात ओरडले, हॅरल्डच्या दोस्ताला एक हरण मिळालं, आम्ही बीन्स खाल्ले, पत्ते खेळलो. परत येताना पेट्रोल भरायला थांबलो, फोनला रेंज आली आणि मंदारचे मिस्ड कॉल एकावर एक पडायला लागले.

आबा सांजेला डबा आणि फटाके घेऊन एकटेच डोंगराकडच्या शेतात गेले होते. त्यांनी वरून ओरडायला सुरुवात केली, पण ओळीला दुसरं कोणीच नव्हतं. डुक्कर मागे वळलं. मांडी फाडली त्याने. आई कंदील घेऊन गेली तेव्हा ते बोलत होते. गाडी मिळून गोव्याच्या हॉस्पिटलात नेईपर्यंत बोलायचे थांबले.

मी त्या पेट्रोल पंपावर जी ओरडले, ती हाक नव्हती. हॅरल्डने मला धरलं. लोक गाड्यांतून बघत होते. मला एकच गोष्ट कळत होती, की त्याच दिवशी, घड्याळाचा फरक धरला तरी त्याच दिवशी, मी एका परक्या रानात धडधाकट उभी राहून दुसऱ्याच्या हाक्यातली फट भरत होते.

मी गावी पोचेपर्यंत सगळं उरकलेलं होतं. आई मला धरून रडली नाही, तिने मला आधी चहा दिला. मग सांगितलं की खांदा द्यायला पलीकडच्या वाडीतून माणसं बोलावावी लागली. माझे आबा, ज्यांनी प्रत्येक घराला वाटा पोचवला, त्यांना उचलायला आमच्या वाडीत चार खांदे पुरे पडले नाहीत! ते वाक्य मी आजही डोक्यातून काढू शकत नाही, आणि काढायचंही नाही. बंदुकीसाठी मीच ठाण्यात गेले. साहेब भले होते, उठून उभे राहिले. म्हणाले, परवाना तुमच्या वडिलांच्या नावाचा, आता ते नाहीत, वारसाला नवीन काढावा लागेल, आणि तुम्ही तर परदेशी नागरिक. माझ्या पर्समध्ये कॅनडात हरीण मारायचं लायसन होतं. मी ते बाहेर काढलं नाही.

कॅम्पवर मी नंतर गेले नाही आणि हॅरल्डनेही कधी विचारलं नाही. ज्या दिवशी ओटावाच्या सरकारने ती बंदुकांची नोंदणी रद्द केली, त्या दिवशी तो आमच्याकडे बिअरच्या दोन बाटल्या घेऊन आला. एक त्याने मंदारपुढे ठेवली. एवढी वर्षं ज्यासाठी भांडला ते मिळालं होतं. कॅम्प तेव्हा विकून झाला होता, गुडघेवाला दोस्त वारला होता. बाटली अर्धीच पिऊन तो म्हणाला, जिंकलो आम्ही, आणि रडायला लागला. मंदारने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

माझ्यासारखे जे निघून आले त्यांना आणि मागे राहिलेल्यांना मी काय सांगणार? इथे माझं घर आहे, मॉर्गेज आहे, विंटर टायर बदलायची तारीख आहे. अन्वी ह्याच मातीतली आहे. पण कोणी घर म्हटलं की मला वर डोंगराकडे तोंड करून ओरडणारा एक माणूस दिसतो, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कोणी नाही. तिथे मी असायला हवी होते. मी गाव सोडलं नसतं तर दुसऱ्या कोणी सोडलं असतं, आयुष्य कोणाला थांबवता येतं, हे सगळं मला समजतं. समजून काय करू?

आईला इथे आणलं. एक हिवाळा राहिली, खिडकीतून बर्फ बघितला आणि परत गेली. आता एकटी असते. शेत पड टाकलंय. गेल्या रविवारी फोनवर सहज बोलावं तसं म्हणाली की डुकरं आता शेतात थांबत नाहीत, सांज झाली की थेट अंगणात येतात, पायरीजवळ उकरतात. मी घाबरले. म्हटलं, आई, अगं दिवे लाव, डबा वाजव, हाकलून दे त्यांना.

"येवंदेत गो," आई म्हणाली. "कोणतरी येता तरी घराकडे."