दोन सुतांचा ढाळ

आनंदाला मांगर भाड्याने दिला त्या दिवशी त्याच्याकडून मी तीन वेळा सही करून घेतली. पहिली सही पॅनकार्डावरच्या सहीशी जुळेना, दुसरी पहिलीशी जुळेना, आणि तिसरी तर कुणाशीच जुळेना. "बाई, दिवसभर हातात थापी असती, पेन कवा धरायचं?" असं तो म्हणाला. तीस वर्षं पेडणे तालुक्यातल्या शाळांत मी परीक्षेला पहारा दिला आहे. असली भोळी उत्तरं मला तोंडपाठ आहेत. अकरा महिन्यांचा करार केला, पोलिसांचा भाडेकरूचा फॉर्म भरला आणि मांगराची एक किल्ली गुपचूप माझ्याकडे ठेवून घेतली.

धारगळला हमरस्त्यापासून चार पावलं आत माझं घर. मागच्या बाजूला सासऱ्यांच्या वेळचा मांगर, म्हणजे नारळ, भाताच्या गोणी आणि मोडकं सामान ठेवायची लांबुळकी खोली. आनंदा चंदगड तालुक्यातला. एकोणिसाव्या वर्षी गोव्यात आला, आधी सिमेंटच्या पाट्या वाहिल्या, मग लादी बसवायला शिकला. म्हापशाचे फ्लॅट, मोरजीची हॉटेलं, पेडण्यातले बंगले, सगळीकडे तेवीस वर्षं गुडघ्यांवर चालून लाद्या बसवल्या. दोन्ही गुडघ्यांना काळे घट्टे पडले होते. बायको रंजना आणि मुली गावाकडे. माणूस काटकुळा, बोलणं कमी, नजर कायम जमिनीवर. नजर जमिनीवर ठेवणारी मुलं वर्गात काय काय करतात ते मला ठाऊक आहे, त्यामुळे तेही मला खटकलं.

आठवड्याभरात त्याने विचारलं, "बाई, खाली नुसती माती हाय. लादी घातली तर चालंल काय? माझी मीच घालतो, तुमाला काय तोशीस न्हाई."

फुकट काम करणाऱ्या माणसाचा मला सर्वांत जास्त संशय येतो. पण मांगराला लादी मिळते आहे म्हटल्यावर मी हो म्हटलं, आणि जाताना एकही लादी उचलायची नाही हे करारात खाली लिहून घेतलं. त्याने मान डोलावली. इतक्या सहज मान डोलावली की रात्रभर मला वाटत राहिलं, आपण कशात तरी फसलो.

तो कामावर गेला की मी माझ्या किल्लीने मांगर उघडून पाही. लाज वाटायला हवी होती, तेव्हा वाटली नाही. आत लांबीला सतरा फूट आणि रुंदीला चार फूट असा एक पट्टा तयार होत होता. काळं ग्रॅनाइट, पण एकही तुकडा दुसऱ्यासारखा नाही. कोपऱ्यात सिमेंटची जुनी गोण, तिच्यात पेढ्याएवढ्या गोल गुळगुळीत दगडी चकत्या, शंभरेक तरी असतील. ग्रॅनाइट चोरीचं असणार हे मी ठरवूनच टाकलं. त्याच्या ठेकेदाराला गाठून आडून आडून चौकशी केली. तो हसायलाच लागला. ओट्याचा दगड कापला की उरतं ते भंगार, आणि नळासाठी भोक पाडलं की आतून चकती निघते, ती कुणीही कचऱ्यात टाकतं. आनंदा वेडा आहे, गोळा करतो, असं तो म्हणाला. माझा चोरीचा संशय गेला. पण कचरा गोळा करणारा माणूस त्या कचऱ्याचं करतो काय, हा नवा उभा राहिला.

मग आवाज सुरू झाले. तो संध्याकाळी कामावरून आला, हातपाय धुतले, दार लावलं की आतून सर्रकन काहीतरी घसरत जाई आणि टक् होई. तासभर तेच. रविवारी तर चार-पाच माणसं जमत आणि मध्येच ओरडा उठे. माझा शेजारी सगुण, पेडणे-म्हापसा बसचा ड्रायव्हर, एकेकाळी माझ्याच चौथीच्या वर्गात होता. तो कुंपणाशी येऊन कुजबुजला, "बाई, तुमच्या मांगरात आयतारी जुगार चलता. माका पक्को दुबाव आसा."

दुबाव, म्हणजे संशय, मलाही होताच. पुढच्या रविवारी सगुणला साक्षीला घेऊन मी सरळ दार ढकललं. पाच माणसं मांडी घालून बसलेली, मधे तो काळा पट्टा, आणि पैसा म्हणाल तर कुठेच नाही. हरलेला प्रमोद, आनंदाचा जोडीदार, कपड्याने लादी पुसत होता. हरणाऱ्याने फरशी पुसायची, एवढीच काय ती शिक्षा.

"ह्यो माझा खेळ हाय, बाई," आनंदा उभा राहून म्हणाला. पकडलेल्या चोरासारखा त्याचा चेहरा झाला होता, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

त्या दिवशी तो पहिल्यांदा सलग बोलला. कामावर दुपारची भाकरी खाल्ली की ही मंडळी नव्या फरशीवर चकत्या घसरवत खेळायची. मालक आला की हाकलून द्यायचा. "फरशी आमीच घातल्याली. पन तिच्यावर बसलेलं मालकाला चालत न्हाई. म्हटलं, कुनी उठ म्हननार न्हाई अशी एक फरशी आपली करायची." मग खेळ ठरवायला अख्खा पावसाळा गेला. नुसत्या चकचकीत ग्रॅनाइटवर चकती थांबेचना, भिंतीवर जाऊन आपटायची. बाथरूमची खरखरीत लादी घातली तर निघेचना. शेवटी त्याने बहुतेक पट्टा गुळगुळीत ठेवला, शेवटाला एक फूट खरखरीत लादी घातली आणि तिच्यापलीकडे पुन्हा दोन फूट गुळगुळीत. ते घर. चकती तळहाताने ढकलायची. खरखरीत पट्टी ओलांडून घरात थांबली तर एक गुण, घराच्या मधोमध बसवलेल्या पांढऱ्या लादीच्या तुकड्यावर थांबली तर पाच. भिंतीला लागली की मेली. चकत्यांच्या कडा त्याने हातानेच घासल्या होत्या, आणि स्वयंपाकाच्या काट्यावर तोलून सारख्या वजनाच्या तेवढ्याच ठेवल्या होत्या.

मी सहज म्हणून एक चकती ढकलली. ती भिंतीवर आपटून मेली. दुसरीही मेली. तिसरी पट्टीवरच बसली. सगुण फिदीफिदी हसला, तेव्हा मी त्याला खाली बसवला आणि मीही बसले. गुडघ्यांचं दुखणं विसरून दोन तास खेळत होते.

पुढचे सात रविवार मी खेळले आणि सातही रविवार हरले. हरण्याचं मला काही वाटत नाही, पण जिंकत होता फक्त आनंदा. सगुण जोर लावी, प्रमोद नेम धरी, मी तर कंपासपेटीच्या हिशेबाने कोन काढी. आमच्या चकत्या पांढऱ्यापाशी जाता जाता डावीकडे कलायच्या. आनंदाची मात्र आरामात जाऊन पांढऱ्यावर बसायची. फरशी त्याने घातलेली, चकत्या त्याच्या, नियम त्याचे, आणि जिंकणाराही तोच. परीक्षेत असं घडलं असतं तर मी पेपर कधीच हिसकावून घेतला असता.

महिनाअखेर करार संपत होता. आठव्या रविवारी मी घरातून पेलाभर पाणी घेऊन गेले. सगळे बसले होते. मी उभ्यानेच म्हटलं, "आनंदा, फरशी वाकडी निघाली तर महिनाअखेरीला मांगर रिकामा करायचा. चालेल?"

"चालंल की, बाई," तो हसून म्हणाला. "वाकडी कशी निघंल?"

मी पांढऱ्या तुकड्यावर पाणी ओतलं. क्षणभर ते तिथेच पसरलं. मग त्याचं एक बोट डावीकडे निघालं, आणि मागून सगळं पाणी सावकाश डाव्या भिंतीकडे गेलं.

"पाहिलंत?" मी म्हटलं. मला उकळ्या फुटत होत्या, कबूल करते. "रोज तासभर दार लावून हा वाकड्या फरशीचा सराव करतो आणि रविवारी आपल्याला बसवून हरवतो. ही घाटावरची माणसं! आपण भोळे म्हणून चालतं ह्यांचं."

"अरे, म्हणान माजी चकती वळता!" सगुण ओरडला.

आनंदाने आमच्याकडे पाहिलंच नाही. तो पाण्याकडे पाहत होता. उठला, पिशवीतून पाणी भरायची पारदर्शक नळी काढली, एक टोक सगुणच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि दोन्ही भिंतींशी पाण्याची पातळी लावून पेन्सिलने खुणा केल्या. मग खुणांपासून फरशीपर्यंत टेप लावली.

"दोन सूत," तो म्हणाला. पाव इंच. पुन्हा मोजलं. "दोन सूत."

तो तिथेच बसला. "लांबीला नळी लावली हुती, बाई. रुंदीला न्हाई लावली. चार फूट तर हाय, म्हटलं, एवढं हाताला कळतंय. तेवीस वर्सं बाथरूमं आन् बाल्कन्या केल्या. पानी काढून द्यायची सवय. हातानं आपसूक ढाळ दिला. म्हंजी मी जिंकत हुतो ते खेळामुळं न्हवं. हातानंच ढाळ दिला आन् हातालाच त्यो म्हाईत हुता. मला कुनी सांगितलंच न्हाई."

मी विश्वास ठेवला नाही. उत्तर फारच छान होतं. आणि छान उत्तर कुठून आलं हे तपासल्याशिवाय मी कधी गुण दिले नाहीत.

"शब्द दिलाय तर जातो," तो म्हणाला. "पन आदी ही काढून सरळ करून देतो. वाकडी फरशी मागं ठेवून जानार न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून छिन्नीचा आवाज सुरू झाला. कामावरून येऊन तो एकेक लादी उचकटत होता. काही तुकडे फुटले, त्यांच्या जागी नवे भंगार शोधून आणले. प्रमोद मदतीला आला तर त्याला परत पाठवला. मी खिडकीतून पाहत होते. जायचंच आहे तर हा माणूस एवढी मेहनत कशाला घेतो? मला दाखवायला? मला पाझर फुटावा म्हणून? असले प्रश्न मी स्वतःला विचारत होते आणि त्यांची उत्तरंही मीच देत होते.

तिसऱ्या रविवारी त्याने बोलावलं. "ओता, बाई." मी ओतलं. पाणी पुरीएवढं गोल होऊन जागच्या जागी थांबलं. मी पाच मिनिटं उभी राहिले, ते हललं नाही.

मग खेळ झाला. त्यात आनंदा शेवटचा आला. पाच चकत्यांतली एकही पांढऱ्यावर नाही. प्रमोद जिंकला, सगुणने बसमधल्यासारखी शिट्टी मारली, मी दुसरी आले. आनंदाने कपडा घेतला आणि गुडघ्यांवर बसून फरशी पुसली.

माझ्या मनात लगेच आलं, हा मुद्दाम हरतोय. हरला की सगळे हळहळतील, बाई विरघळेल, मांगर राहील. त्या दिवशीचे उरलेले तीन डाव आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारचे सगळे डाव मी स्वतः खेळले नाही. वही घेऊन त्याच्या शेजारी बसले आणि त्याची प्रत्येक चकती कुठे थांबते ते टिपलं. पस्तीस चकत्या. तो शेवटचाच येत राहिला.

घरी येऊन वही उघडली. मुद्दाम चुकणारा वेगवेगळा चुकतो, कधी आखूड, कधी लांब, कधी इकडे, कधी तिकडे. आपलं चुकणं खरं वाटावं म्हणून तो बदल करत राहतो. असे शेकडो पाहिले आहेत मी. आनंदाच्या पस्तीस चकत्यांपैकी एकतीस पांढऱ्याच्या उजवीकडे होत्या, आणि सगळ्या जवळपास एकाच अंतरावर, चार बोटं. जमिनीत आता नसलेल्या ढाळासाठी त्याचा हात अजून उजवीकडेच ढकलत होता. हे कुणाला ठरवून करता येत नाही. त्याला स्वतःलाही ते माहीत नव्हतं.

मी वही मिटली. एका प्रामाणिक माणसाला आयुष्यात एकाच गोष्टीत जिंकता येत होतं. ते मी सर्वांसमोर, त्याला लबाड म्हणून, काढून घेतलं होतं. आणि त्याने ते स्वतःच्या हाताने उखडून मला सरळ करून दिलं होतं.

तशीच मांगरावर गेले. तो सामान बांधत होता. चटई, स्टोव्ह, नळी, थापी. चकत्यांची गोण मात्र तशीच कोपऱ्यात होती.

"ती नेत नाहीस?" मी विचारलं.

"न्हाई. फरशी हितं हाय, तर चकत्या हितंच ऱ्हाऊ द्या. तुमी खेळा." मग तो म्हणाला, "बाई, एक सांगू? तुमी पानी ओतलं ते बरं केलं. आता ह्यो खेळ झाला. आदी नुसता मीच हुतो त्यात."

"आनंदा," मी म्हटलं, "मांगर सोडू नकोस. राहा इथेच."

त्याने दोरीची गाठ अर्धवट ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"का, बाई? अजून काय तपासायचं ऱ्हायलंय?"

टोमणा नव्हता त्यात. तो खरोखरच विचारत होता, आणि मी सांगितलं असतं तर त्याने तेही तपासू दिलं असतं. मी खाली त्याच्या फरशीवर बसले आणि रडले.