मीटरला लावलेलं हळदीकुंकू

पीएचडीची असिस्टंटशिप म्हणजे काय, हे आईला मी शेवटी असं सांगितलं: कॉलेज माझी फी माफ करतं, वर महिन्याला राहण्या-खाण्यापुरतं देतं, आणि त्या बदल्यात मी दुसऱ्या वर्षाच्या मुलांची इलेक्ट्रॉनिक्सची प्रॅक्टिकल्स घेते. "म्हणजे शिकायचे पैसे तुलाच मिळतात?" आईला त्यात काहीतरी गडबड वाटली. मला मात्र अजूनही ते नशीबच वाटतं. मी यवतमाळहून पुण्याला आलेली; माझी वाघोलीतली खोली आणि पीएचडी, दोन्ही त्या असिस्टंटशिपवर उभं होतं. ती गेली की बॅग भरून घरी, इतकं सरळ.

आणि ती दर सहा महिन्यांनी जाऊ शकत होती. समितीपुढे प्रगती दाखवायची, पटली तर मुदतवाढ.

त्या वर्षी दसऱ्यानंतर सगळं बिनसलं. मी सेन्सरमधला अगदी बारीक करंट मोजत होते. तोवर शहाण्यासारखे येणारे आकडे एकाएकी भरकटले. सकाळी एक, दुपारी भलतंच. सर्किट नव्याने जोडलं, सेन्सर बदलले, रडूनही झालं. माझे गाइड, म्हणजे सर, पक्के पुणेरी, नारायण पेठेतले. "आकडे बदलतायत ना? म्हणजे निदान काहीतरी चाललंय," एवढंच म्हणाले. असा राग आला मला! त्यात ती प्रॅक्टिकल्स. इथे माझा जीव टांगणीला लागलेला आणि मी दुसऱ्यांच्या वायरी तपासत बसायचं.

समितीच्या आदल्या आठवड्यात असंच प्रॅक्टिकल चालू होतं. एका टेबलावरची मुलं सर्किटच्या नावाने बोटं मोडत होती. मी नेहमीचं वाक्य फेकलं, "आधी वायर काढून सॉकेट बघा, मग सर्किटला शिव्या द्या." आणि तिथेच थांबले. मी स्वतः कुठे बघितलं होतं?

आतल्या खोलीत जाऊन माझ्या मीटरची वायर काढली. सॉकेटच्या आत लालपिवळा थर. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आम्ही लॅबमधल्या यंत्रांची पूजा करतो. वायरी काढून सगळी यंत्रं पुसून ठेवली होती आणि सरांनी प्रत्येकाला ओलं हळदीकुंकू लावलं होतं, माझ्या मीटरला नेमकं सॉकेटच्या तोंडातच, आणि पुढे मी न बघताच वायर खोचली होती. त्या थरातून माझा करंट पाझरत होता, सकाळच्या दमट हवेत जास्त, दुपारी कमी.

सरांना बोलावून दाखवलं. सॉकेट साफ केल्यावर आकडे ताळ्यावर आले, पण दसऱ्यापासूनचं सगळं मोजमाप फुकट गेलं होतं.

समितीने नेमकं तेच विचारलं. इतके दिवस वाया गेले, मग मुदतवाढ का द्यायची? मी आकड्यांची वही पुढे केली. तेवढ्यात सर उभे राहिले.

"हळदीकुंकू मी लावलं. चूक हिने शोधली. आता कोणाला थांबवायचं ते आपण ठरवा."

कोणी हसलं नाही. अध्यक्षबाईंनी पेन उघडलं आणि मुदतवाढीवर सही केली.

बाहेर आल्यावर मी आभार मानायला लागले, तर म्हणाले, "ते राहू द्या. मुलं प्रॅक्टिकलला येऊन दारात उभी आहेत."

मी धावतच गेले. "आधी वायर काढून सॉकेट बघा," म्हणताना माझा आवाज भरून आला. मुलांना वाटलं, मॅडमना सर्दी झालीय.