रशीदभाईंचं शेवटचं पान

“मॅडम, उद्या हे मानक बदललं, तर तुमच्या पेटंटची हद्दही बदलणार का?” स्क्रीनवरून कंट्रोलरसाहेबांनी विचारलं. पेटंट द्यायचं की नाही, हे तेच ठरवतात.

मी हिंगोलीत पेटंट एजंट आहे. शेजारी बसलेल्या रशीदभाईंचं वारंगा फाट्यावर वर्कशॉप आहे. त्यांनी हळदीचा ड्रायर बनवला होता. हळद हवी तेवढी वाळली की तो आपोआप बंद होतो. बाहेरच्या एका कंपनीनं तस्साच ड्रायर विकायला काढला होता. पेटंट हुकलं, तर त्या कंपनीला अडवायला आमच्या हातात काहीच उरत नव्हतं.

चूक माझी होती. पेटंटमधल्या ‘क्लेम’नं शोधाची हद्द ठरते, शेताची बांधानं ठरते तशी. त्यात मी लिहिलं होतं, ‘वेळोवेळी सुधारलेल्या शासकीय मानकानुसार हळद वाळल्यावर बंद होणारा’. आधी दहा वर्षं मी वकिलाच्या ऑफिसात करारनामे लिहिले. तिथे ‘वेळोवेळी सुधारलेल्या’ घातलं की कागद पक्का. इथे त्याच शब्दांनी बांध सरकता झाला; हळदीत किती ओलावा चालतो हे सांगणारं सरकारी मानक बदललं की हद्दही बदलणार.

“आकडा टाकते, सर. दहा टक्के ओलावा.”

“मूळ अर्जात कुठे आहे? आता नवीन काही घालता येणार नाही.”

मी पानं उलटू लागले. वर्णनातही जिथे तिथे ‘मानकानुसार’च. स्वतःचाच भयंकर राग आला.

“म्याडम, काहून घाबरून राहिल्या?” रशीदभाई हळूच म्हणाले. “माझं शेवटचं पान काढा की.”

ते पान त्यांनी हट्टानं अर्जाला जोडायला लावलं होतं. मला ती अडगळ वाटली होती. ड्रायर बंद झाला की रशीदभाई त्यातली मूठभर हळद तोलायचे, भट्टीत पार सुकवून पुन्हा तोलायचे आणि फरक लिहायचे. खाली त्यांच्याच अक्षरात होतं, ‘ओलावा दहा टक्के, मशीन बंद. वजनावर तपासलं.’

मी पान कॅमेऱ्यासमोर धरलं. साहेबांनी त्यांच्याकडच्या मूळ अर्जात ते शोधलं, सावकाश वाचलं.

“मोजायची पद्धतही दिली आहे की. सुधारित क्लेम पाठवा.”

“बराबर हाय ना?” रशीदभाईंनी विचारलं. मला खुर्चीवरून उठून नाचावंसं वाटत होतं.

पेटंट मिळालं. आमची नोटीस गेल्यावर कंपनीनं तो ड्रायर विकणं थांबवलं.

‘वेळोवेळी सुधारलेल्या’ मी आता फक्त भाडेकरारात लिहिते. आणि अशिलानं अडगळ आणलीच, तर आधी ती अर्जाला जोडते, मग कुरकुर करते.